गाडीचं पहिलं पाणी

छत्तीस साली बारामतीत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पण मोटारींवर मत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. त्यातले सगळ्यात पक्क्या मतांचे तिघे रोज संध्याकाळी माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसत. पूर्वी मी सायकली विकायचो आणि सुखात होतो. मग मोटारीचं वेड डोक्यात शिरलं, पुण्याच्या एका मोठ्या एजंटाकडून बारामती आणि इंदापूर तालुक्यांची एजन्सी घेतली आणि नव्या घाटाची एक काळी गाडी दुकानात येऊन उभी राहिली. तेव्हापासून बाकावरची गर्दी वाढली आणि माझी भूक मेली.

गाडी खरोखरच नवी होती. तोवर आमच्याकडं मोटार म्हणजे वर कापडी टप, बाजू उघड्या, नाक भिंतीसारखं उभं आणि दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले. हिचं छप्पर पोलादी, चारी बाजूंना काचा, नाक मागं झुकलेलं आणि पाठ उतरती. मला ती पाहताक्षणी आवडली. रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी तिच्यावरून फडकं फिरवायचो, मग देवाला उदबत्ती.

बापूसाहेब वकील विलायतेतून मोटारींची मासिकं मागवत. त्यांचं म्हणणं, "मोहनराव, ही पाठ वारा कापायला केलेली आहे. आपल्या रस्त्यावर वारा कापण्याइतका वेग येणार कुठून? इथं खड्डे कापणारी गाडी हवी."

गुळाचे अडते अप्पा वेगळ्याच बाजूनं यायचे. "बंद गाडीत माणूस दिसणार कसा? अन् दिसायचंच न्हाय तर मोटार घ्यायची कशाला? घरी बसावं की."

तिसरा सिद्धू. तो इंदापूरला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार हाकायचा. "चार दारं म्हंजे खडखडायच्या जागा चार," एवढं बोलून तो थुंकायला उठायचा.

तिघांपैकी एकाच्याही मालकीची मोटार नव्हती. पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की हे तिघं मला तोंड उघडू देत नसत.

गिऱ्हाइकांचंही काय सांगावं. गुळाला भाव चढला की मोटार घ्यायची, उतरला की मोटारीला नावं ठेवायची. शेजारच्या गावात हिरवी आली की यांना हिरवीच हवी. जळोचीचा एक बागायतदार इंजिनाकडं ढुंकूनही न बघता नुसता हॉर्न वाजवत बसला होता. शेवटी म्हणाला, आवाज बारीक हाय, आमच्या रानापर्यंत पोचायचा न्हाय. आणि गेला. माझं डोकं असं तडकलं की त्या दिवशी मी बाकच आत ओढून घेतला. तिघं उभ्यानं बोलत राहिले.

पुण्याहून निरोप आला होता. संक्रांतीपर्यंत एक तरी गाडी विका, नाहीतर ही गाडी परत पाठवा आणि एजन्सीही सोडा. संक्रांत तोंडावर आली होती. परत सायकलींची पंक्चरं काढायची या कल्पनेनं मला कसंतरी व्हायचं. कामाची लाज नव्हती, पण ती गाडी दुकानातून दुसऱ्या कुणाकडं तरी जाणार हे सहन होत नव्हतं.

अशात लासुर्ण्याचे आबासाहेब आले. मोठं ऊस बागायत, घरचं गुऱ्हाळ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागं उभं राहून चारी चाकं सारखी टेकलीत का ते न्याहाळलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला विचारलं, "हिला खोड काय हाय?"

"खोड?"

"बसते का वाटंत? बिचकते का?"

बाकावर हशा पिकला. आबासाहेबांनी तिकडं बघितलंही नाही. म्हणाले, "जनावर आमी दावणीवर आणल्याबिगर घेत न्हाय. तुमी ही घेऊन लासुर्ण्याला या. आमच्या वजनावर, आमच्या वाटंवर चालवून बघू. बाजारच्या दिवशी इंदापूरला जाऊ. चालली तर बोलू."

मला माणूस आवडला. निदान हॉर्न तरी वाजवला नाही.

बाजारच्या दिवशी बापूसाहेबांना इंदापूरच्या कोर्टात काम निघालं आणि अप्पांना अचानक तिथल्या बाजाराची आठवण झाली. दोघं सिद्धूच्या मोटारीनं निघणार होते. "वाटेत भेटूच," बापूसाहेब म्हणाले, आणि ते ज्या प्रेमानं म्हणाले त्यावरून मला कळलं की मी कुठं तरी बंद पडणार याची त्यांना खात्री आहे.

लासुर्ण्यापर्यंत गाडी झोकात गेली. आबासाहेबांच्या वाड्यापुढं थांबवली तेव्हा इंजिन तापलं होतं आणि पाणी बरंच उडालं होतं. मी नाकावरचं झाकण काढलं, गडी भीमा उभा होता त्याला म्हणालो, "इंजिन जरा निवलं की ह्यात पाणी भर बाबा, तोंडापर्यंत." तेवढ्यात घरधनीणबाई, ठमाबाई, आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मला पाटावर बसवून पोहे दिले. मी पोहे खाल्ले आणि बाहेर येऊन झाकण घट्ट लावलं. आत डोकावून बघितलं नाही. पाण्यात काय बघायचं?

वजन म्हणून आबासाहेबांनी ज्वारीची दोन पोती मागं बांधली. स्वतः माझ्या शेजारी बसले. मागं ठमाबाई. पदर नाकापर्यंत ओढलेला. या घरातल्या बायका इंदापूरला जायच्या त्या छकड्यातून, चारी बाजूंनी कापड बांधून. मोटारीत त्यांना बसवण्याचा विचार आबासाहेबांचाच. काचा आहेत म्हणून.

थोडं गेल्यावर मी समोरच्या आरशात पाहिलं. धुरळा काचेबाहेर उडत होता, आत कणही नव्हता. ठमाबाईंचा पदर कपाळावर सरकला होता आणि त्या काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या.

"अवो," त्या आबासाहेबांना म्हणाल्या, "शेळगावच्या देवळाचा कळस रस्त्यावरनं दिसतो व्हय?"

"दिसतो की. कायम दिसतो."

"मला कुठं म्हाईत. लग्न होऊन आल्यापास्नं ह्याच वाटंनं जाते, कधी दिसला न्हाय."

माझ्या मनात आशेला पालवी फुटली. अप्पा म्हणतात, बंद गाडीत माणूस दिसत नाही. पण आतल्या माणसाला जग दिसतं, हे बाकावर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

शेळगाव मागं पडलं आणि काहिलीचा वास यायला लागला. गूळ कढतानाचा तो दाट, गोड वास. आबासाहेबांनी नाक वर केलं. "कुणाचं तरी गुऱ्हाळ जोरात हाय."

मी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूंना उघडी रानं. ना ऊस, ना चिमणीचा धूर. वास वाढत गेला आणि करपला. गाडीच्या नाकातून वाफ निघाली, इंजिन दोनदा अडखळलं आणि कालव्याच्या चारीजवळ गाडी थांबली.

मी उतरलो. धोतराच्या सोग्यानं झाकण सोडलं आणि तपकिरी फेस उसळून बाहेर आला. बोटाला चिकट लागला. मी बोट जिभेवर ठेवलं. काकवी.

क्षणात सगळं उमगलं. नवं जनावर दारात आलं की त्याला पहिलं पाणी गुळाचं द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. गाडी दारात आली आणि मीच तिच्यासाठी पाणी मागितलं. त्या घरात साधं पाणी कोण देणार? ठमाबाईंनी गूळ कालवून दिला असणार आणि भीमानं तोंडापर्यंत भरला असणार. आणि मी इंजिनावर ठेवून तो मैलोन्‌मैल कढवत आणला होता.

"काय झालं?" आबासाहेब उतरून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बसली व्हय?"

मी उत्तर देणार तोच मागून भोंगा वाजला. सिद्धूची मोटार. ती थांबली, बापूसाहेब आणि अप्पा उतरले, आणि बाक जणू दुकानापुढून उचलून रस्त्यावर आणून ठेवला.

"मी म्हणत होतो," बापूसाहेब सुरू झाले. "नाक तिरपं केलं की आत वारा कमी जातो. इंजिन तापणारच. घाटच चुकीचा आहे."

"गाडी न्हाय, पेटारा हाय," अप्पा म्हणाले. "आबासाहेब, टपाची घ्या. चार लोक रामराम तरी करतील. ह्या पेटाऱ्यात बसून काय मिळणार?"

सिद्धू थुंकला आणि म्हणाला, "दारं तरी उघडतात का बघा."

माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर गाडी निर्दोष ठरली असती. पण ते वाक्य म्हणजे आबासाहेबांच्या कारभारणीला परक्या पुरुषांसमोर वेड्यात काढणं. तिघांनी ती गोष्ट आठवडाभरात दोन्ही तालुक्यांत पोचवली असती, आणि पुढं बाजारात बायका ठमाबाईंकडं बघून तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. ज्या बाईनं माझ्या गाडीला ओवाळलं तिच्यावर ही वेळ आणायची? आणि गप्प बसलो तर गाडी गेली, एजन्सी गेली. मला त्या तिघांचा असा राग आला की बोटाची काकवी मी धोतराला खसाखसा पुसली.

"पाणी खराब होतं," मी एवढंच म्हणालो. "चूक माझी. बघून घ्यायला हवं होतं."

"पाणी कसलं खराब?" बापूसाहेब हसले. "लासुर्ण्याचं पाणी खराब? कालव्याचं पाणी आहे ते. आबासाहेब, ही सारवासारव झाली. गाडीत खोट आहे."

आबासाहेब गाडीकडं बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "मोहनराव, वाईट वाटून घेऊ नगा. पण वाटंत बसणारं जनावर आमी घेत न्हाय."

मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागची काच चार बोटं खाली आली. आतून आवाज आला, नीट, सावकाश. "अवो, जरा ऐकता का."

अप्पा दचकून दोन पावलं मागं सरले. आत कुणी बाईमाणूस आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पेटारा म्हणून ते काय काय बोलून गेले होते.

"पाणी खराब नव्हतं," ठमाबाई म्हणाल्या. "गुळाचं व्हतं. म्या दिलं. दारात नवं आलेलं हाय म्हणून दिलं. त्या पावण्यांना ते कळलंय, म्या पुढच्या काचंतनं बघितलं, त्यांनी चाखून बघितलं. माझी अब्रू ऱ्हावी म्हणून ते गप हायेत."

आबासाहेबांच्या कपाळाची शीर फुगली. परक्या माणसांदेखत त्यांची बायको असं कधी बोलली नसेल.

"आपल्या हातचं खाऊन बैल आजारी पडला," काचेमागून आवाज आला, "तर तो परत करत्यात का? तुमीच सांगा. आपल्या घराण्यात कुणी केलाय?"

आबासाहेबांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा घातलं. "न्हाय केला," ते म्हणाले.

"मग झालं तर."

मग मी कामाला लागलो. खालचा नळ सोडून काकवी रस्त्यावर ओतली. चारीचं पाणी डब्यानं आणून आणून भरलं आणि सोडलं, स्वच्छ पाणी खाली येईपर्यंत. डबा सिद्धूनं दिला आणि न सांगता माझ्याबरोबर चारीपर्यंत खेपाही घातल्या. बापूसाहेब तिरप्या नाकाकडं वाकून बराच वेळ काही तरी तपासत होते. अप्पा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "मोहनराव, आत बसलेलं बाहेरनं अजिबात कळत न्हाय व्हय? आमच्या घरच्यांना माहेरी जायला बरी पडंल."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. थोडा माज मलाही करू द्या.

सगळं झाल्यावर आबासाहेब माझ्यापुढं हात पसरून उभे राहिले. "किल्ली द्या."

मी दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली, कमरेला खोचली आणि पुढं जाऊन बसले. मी सुकाणूमागं बसलो आणि वाट बघत राहिलो. आबासाहेबही समोर बघत राहिले.

"आबासाहेब," मी हळूच म्हणालो, "किल्लीबिगर चालत न्हाय ही."

मागून ठमाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. आबासाहेबांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या," ते म्हणाले. "अन् बेतानं हाका. आमची गाडी हाय."

माझे डोळे भरून आले. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच हिसक्यात चालू झाली.