टेम्पोच्या खणातला थर्मोस्टॅट

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नाव भारी वाटलं तरी मी तुमच्या मुठीत मावेन. सुरतेच्या गॅरेजांत मला नुसतं 'वॉल' म्हणतात, म्हणजे व्हॉल्व्ह, झडप. मालक भिकन यांच्या टेम्पोत, स्टिअरिंगशेजारच्या खणात, मी पडून आहे. सोबतीला एक तुटका पाना आणि रिकामी काडेपेटी. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझं काम साधं होतं. माझ्या पोटात मेण आहे. इंजिन थंड असलं की मी दार लावून बसायचो. पाणी तापलं की मेण फुगायचं, मी दार उघडायचो आणि पाणी निवायला रेडिएटरकडे जायचं. सुरतेजवळच्या सचिन गावाहून साड्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही रोज शहरातल्या पर्वत पाटिया भागात यायचो. सहा वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. कोणी शाबासकी दिली नाही, पण कामात होतो, सुखात होतो.

मग एका नवरात्रात मालकीणबाई भागीरथी वणीच्या गडावरून देवीची चुनरी घेऊन आल्या. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी ती दुहेरी घडी करून पुढच्या जाळीला घट्ट बांधली. त्याच आठवड्यात इंजिन तापू लागलं.

उखा मिस्त्री आले. "वॉल जाम शे," त्यांनी न बघताच सांगितलं. "काढी टाकू. सुरतना उकाडाम्हा याले काय काम?"

अहो, रेडिएटरच्या नळ्यांना हात तरी लावायचा! वरची नळी तापलेली होती, खालचीही तापलेली होती. म्हणजे मी दार उघडलं होतं ना? पण माझं कोण ऐकतं! मला उपटून खणात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

दोन दिवसांनी तापमानाचा काटा पुन्हा लाल रेघेवर गेला. घरापाशी गाडी थांबवली तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. उखा मिस्त्री घाबरले. "भिकनभाऊ, आजून एकदा तापनी ते इंजिन गयं समजा!" मालकांचा चेहरा उतरला. त्यांचं सगळं घर या एका टेम्पोवर चालतं.

इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये पाणी भरून ते सुरू केलं, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा गाडीच्या तोंडाशी उभे राहिले. पंख्याने चुनरी आत ओढून रेडिएटरला चिकटवली होती. वारा जायला जागाच नव्हती. त्यांनी हात जोडले, चुनरी सोडली आणि काटा हळूहळू खाली आला.

भागीरथीबाईंना रडू कोसळलं. मग त्यांनी मला खणातून काढलं. "मंग याना काय गुन्हा व्हता?"

मिस्त्री ओशाळले. त्यांनी तपेलीत पाणी उकळायला लावलं आणि मला त्यात सोडलं. पुन्हा ती ऊब मिळाली! मी जीव खाऊन दार उघडलं.

"दखा, उघडनं!" बाई ओरडल्या.

"मंग बसाडी दे ना भाऊ," मालक म्हणाले.

"गाडी ते चालस आते. पुढला सर्व्हिसले बसाडू."

त्यानंतर तीन सर्व्हिस झाल्या. माझ्याविना इंजिन सकाळी लवकर तापत नाही, खोकतं, धूर सोडतं, डिझेल जास्त पितं. मालक म्हणतात, गाडी म्हातारी झाली. मी इंजिनापासून दीड हातावर पडून ते सगळं ऐकतो आणि फार एकटं वाटतं.

चुनरी आता खणावरच बांधली आहे. बाई रोज तिला उदबत्ती ओवाळतात. माझ्यावर अन्याय झाला हे त्या विसरलेल्या नाहीत, म्हणून खण उघडून एक फेरा मलाही देतात. फार भल्या आहेत हो!

मित्रांनो, कोणाला कामावरून काढण्याआधी एकदा तपासून बघा. आणि निर्दोष ठरला, तर त्याला त्याची जागा परत द्या. मला उदबत्ती नको. मला गरम पाणी हवं आहे.