पायऱ्यांवरच्या झावळ्या

"बाय, पायऱ्यांर झावळां घाल गो. पावसात कोणतरी आपटतला," तुळसा मे महिन्यातच म्हणाली होती. मी हसून विषय बदलला.

मालवणजवळचं ते घर माझा नवरा मेल्रॉय आणि मी, आम्ही पर्यटकांना भाड्याने द्यायला घेतलं. आम्ही राहतो कणकवलीला. तिथली झाडलोट, चादरी, चहा सगळं तुळसाकडे. अंगणातून रस्त्यावर उतरायला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. शेवाळावर पाय घसरू नये म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात वाटेवर माडाच्या झावळ्या अंथरतात. जूनमध्ये तुळसाने न विचारताच अंथरल्या. मी त्या काढायला लावल्या, घराच्या जाहिरातीच्या फोटोत कचरा दिसत होता. आमच्या चार वर्षांच्या मुलीसाठी, रिशेलसाठी मी विहिरीला जाळी बसवली, स्विचबोर्डांना झाकणं लावली. पायऱ्यांवर तिला कडेवर घ्यायचे, म्हणून पायऱ्यांची काळजी मिटली असं धरून चालले.

जुलैत पाहुण्यांच्या चादरींचं गाठोडं घेऊन उतरताना तुळसा पडली. खुब्याचं हाड मोडलं.

आमचा विमा पाहुण्यांपुरता होता. कामाला येणाऱ्या बाईचं काय, हे घर घेताना आम्ही विचारलंच नव्हतं. वकील म्हणाले, ऑपरेशनचा खर्च माणुसकी म्हणून द्या, पण भेटायला जाऊ नका, पायऱ्यांबद्दल अवाक्षर काढू नका. मेल्रॉय म्हणाला, ते सांगतात तसं करू. मी तसंच केलं. दोन महिने.

सप्टेंबरात तिचाच फोन आला.

"तुमचो वकील इल्लो. मी माझ्याच चुकीन पडलंय म्हणान सही केलंय. तू भिया नको गो, तुझ्या चेडवाक, रिशेलाक सांभाळ."

झावळ्या मी काढायला लावल्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मेल्रॉय समोर बसला होता. मी विचारलं, औषधं घेतेस ना?

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वकिलांना खरं काय ते लिहून पाठवलं आणि तिच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, भावाने वैभववाडीला नेली, चालवत नव्हतं. तशीच तिकडे गेले. भाऊ सत्यवान दारातच उभा राहिला.

"सही गावली मा? आता आणखी काय व्हया?"

त्याने दार लावून घेतलं. तेव्हापासून तुळसाचा फोन बंद आहे.

तुम्ही वैभववाडीचे असाल, तर स्टेशनमागच्या वाडीत सत्यवानचं घर विचारा. माझं नाव काढू नका. ती उभी राहते का, तेवढं बघा आणि मला कळवा.