कमलाची पेज

आमचा रजत इंदूरला बसून आमची काळजी करतो. दिवाळीला घरी कटंगीला आला, तेव्हा आईच्या, म्हणजे माझ्या कमलाच्या, शुगरसाठी त्याने फोनमध्ये एक ॲप टाकले. पंधरा दिवस त्यातले पान हिरवे राहिले तर ठीक, पिवळे पडले तर तो तिला सोबत नेणार. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. कमला तिथे एकदा आठ दिवस राहून आली आणि परत जायचे नाव काढत नाही.

ॲप हिंदीत बोले. सकाळी काय खाल्ले ते सांगायचे आणि चालायचे. वाचायचे काम माझ्याकडे. मी बावन्नाव्या वर्षी अक्षरे शिकलो, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर माझा शिकलेल्यांपेक्षा जास्त विश्वास.

पहिल्या सकाळी कमला फोनला म्हणाली, "पेज पेली."

मी बोट ठेवून मोठ्याने वाचले, "यह पेज उपलब्ध नहीं है."

"काहून? चुलीवर गंज भरून तं हाय."

"तुह्यासाठी नाही म्हणून राह्यलं. तांदूळ हाय ना त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी तिने पेज पातळ करून विचारले, तिसऱ्या दिवशी मीठ न घालता. उत्तर तेच. इतका ठाम डॉक्टर मी आयुष्यात पाहिला नाही. मग तिने पेज सोडली. सकाळी शुगरची गोळी, बिनसाखरेचा चहा, आणि बसस्टँडपर्यंत दोन फेऱ्या. घरात फोन लागे, पण नेट नसे; ते बसस्टँडवर असे. तिथे पोचली की चाललेले मोजून पान हिरवेगार. तिच्या वाटची पेज मी पीत होतो. कोणीतरी पिणे भाग होते.

पंधराव्या दिवशी ती फेरीवरून आली आणि ओसरीतच बसली. अंगाला घाम, जीभ जड. मी हाक मारली तशी शेजारची अपेक्षा, गावची आशा कार्यकर्ती, धावत आली. तिने बोटाला सुई टोचून मशीन पाहिले. शुगर अठ्ठेचाळीस. लगेच साखरपाणी पाजले.

"काकाजी, सकाळी काकूनं काय खाल्लं?"

"गोळी."

"आन त्याच्या आधी?"

"काही नाही. पेज उपलब्ध नाही."

तिने फोन पाहिला.

"काकाजी, इंग्रजीत पानाले पेज म्हणतेत. नेट नाही म्हणून फोनमधलं पान उघडून नाही राह्यलं. तुम्ही वाचलं बराबर."

वाचले बरोबर, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

तेवढ्यात रजतचा फोन आला; अपेक्षाने स्पीकर लावला. आवाज खुशीत. "माय, रिपोर्ट एकदम हरा है. अब लेने नहीं आता."

मी कमलाला डोळ्यांनी खुणावले, गप राहा. तिने साखरपाण्याचा पेला खाली ठेवला.

"बेटा, मी आज पडली."

"पडली? पर रिपोर्ट तो हरा है."

"हौ. पडली तवाही हिरवाच होता."

कमलाने फोन जवळ ओढला.

"इथं पडली तं अपेक्षा धावत आली. तुह्या सातव्या मजल्यावर कोन येते, सांग."

रजतने दोनदा खाकरले. मग विचारले, "अपेक्षा शुगर दर हफ्ते देखेगी क्या?"

"पाहीन," अपेक्षा म्हणाली. "पण काकूनं गोळी पेज पेऊनच घ्यायची."

मी लगबगीने पेज आणायला उठलो. गंज रिकामा होता. सकाळी मीच पिऊन टाकली होती. चूल पुन्हा पेटवली.