मास्तरांना कोणीच सांगितलं नाही

मित्रांनो, टेबलावर बसून वाजणारा टेलिफोन तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही नसेल. मी तसलाच एक जुना टेलिफोन आहे. रंग राखाडी, बटणांवरचे आकडे पुसट झालेले, आणि पीळ पडून पडून गुंता झालेली वायर. सध्या मी एका खोक्यात आहे, माझ्यासारख्याच इतर फोनांच्या अंगावर टाकलेला. बोलायला आता कोणी येत नाही, तेव्हा तुमच्याशीच बोलतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून अंग निघालं, कुणी आत तारा जोडल्या, कुणी बटणं बसवली. शेवटी एका बाईने माझा रिसीव्हर कानाला लावला, "हॅलो, हॅलो" म्हणाली, आणि नीट ऐकू येतंय असं पाहून मला पुढे सरकवलं. माझी परीक्षा एवढीच.

तिथून मी आलो तो पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत. तळमजल्यावर, जिन्याजवळच्या बोळातून आत गेलं की आयटी विभाग लागायचा. कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची दुखणी तिथे यायची. खिडकीची कडी कायम अडकलेली, छताला वायरींचे जुडगे, आणि काचेच्या दारापलीकडे सर्व्हरची खोली, जिथे भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरावी. दाराशेजारच्या टेबलावर मला ठेवलं आणि वर पाटी लावली, 'हेल्पडेस्क'. कुणाचं काही अडलं की त्याने मला फोन करायचा.

मला उचलणाऱ्या बाईंना सगळी कंपनी काकू म्हणायची. वयाने त्या तशा मोठ्या नव्हत्या, पण साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना हक्काने दटावायच्या, म्हणून काकू. आणि सर्व्हरच्या खोलीत स्वेटर घालून वावरणारे ते मास्तर. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण साधी वायर जोडतानाही शेजारच्याला थांबवून म्हणायचे, "इकडे बघा, असं का करायचं ते आधी समजून घ्या." म्हणून ते मास्तर झाले.

काय दिवस होते ते! सकाळी सकाळी मी वाजायला लागायचो. एकदा हिशेब विभागातले गृहस्थ रडवेल्या आवाजात म्हणाले, "काकू, माझा माऊस मेला हो."

"मेला? काल तर चांगला हिंडत होता! वायर बघा, निसटली असेल."

"निसटलीय खरी."

"मग जिवंत आहे तो. लावा आणि कामाला लागा."

सगळी खोली हसायची. फोन ठेवला तरी हसू टिकायचं. दुपारी डबे एकाच टेबलावर उघडायचे आणि चहा आला की मास्तरांना काचेवर टकटक करून बाहेर बोलवावं लागायचं. मास्तरांचा मोबाइल त्या थंड खोलीत लागत नसे, म्हणून त्यांच्या बायकोचा फोनही माझ्यावरच यायचा. काकू त्यांना वहिनी म्हणत.

"काकू, ह्यांनी गोळी घेतली का हो?"

"थांबा, विचारते. मास्तर! वहिनी विचारतायत, गोळी घेतली का?"

"घेतली म्हणून सांगा."

"वहिनी, घेतली म्हणून सांगा म्हणतायत. म्हणजे नाही घेतली. आता घ्यायला लावते."

एका पावसाळ्यात सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं आणि सगळी कंपनी ठप्प झाली. मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एकेक यंत्र वाळवलं, जोडलं, पुन्हा चालू केलं. काकू माझ्यावरून एकेका विभागाला धीर देत होत्या. काम सुरू झालं तेव्हा जुने साहेब स्वतः खाली आले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची ही खोली आहे म्हणून कंपनी उभी आहे." मग का कोण जाणे, त्यांनी माझ्यावरही एक थाप मारली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या राखाडी रंगाचाही अभिमान वाटला.

पुढे जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. ते गोड बोलत. आल्या आल्या त्यांनी डबे खायचं ते टेबल हलवलं, कारण जागा वाया जाते. तिथल्या भिंतीवर एक मोठं चित्र लागलं. हसणारी माणसं, हातात हात, आणि खाली लिहिलेलं, 'आपण एक कुटुंब'. त्या चित्रातलं कुणीच आमच्या कंपनीतलं नव्हतं. मग नियम आला, की कुणी थेट काकूंना फोन करायचा नाही, आधी कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवायची, तिचा क्रमांक घ्यायचा. नोंद नसताना काकूंनी कुणाला मदत केली की वरून विचारणा यायची. हिशेबवाल्या गृहस्थांनी एकदा चोरून फोन केला, तेव्हा दोघेही चोरासारखे कुजबुजत बोलले.

मग एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की आयटीचं काम आता बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरलंय. घाबरायचं काही कारण नाही. मास्तर नव्या प्रोजेक्टवर जातील, त्यांच्या अनुभवाची तिथे फार गरज आहे. तोपर्यंत त्यांनी बाहेरच्या माणसांना इथलं काम शिकवावं.

मास्तर हरखून गेले. वहिनींचा फोन आला तो त्याच खुशीत.

"काकू, ऐकलंत का? ह्या वयात अभ्यासाला बसलेत! नव्या कामाची पुस्तकं आणलीत ही एवढी. आणि आमच्या मुलाला, जो घरी येईल त्याला सांगतात, मी आता पुन्हा विद्यार्थी झालोय."

"चांगलं आहे की, वहिनी," काकू म्हणाल्या, आणि खरोखर मनापासून म्हणाल्या. तोवर त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या कंपनीतून एक मुलगी आणि एक तरुण असे दोघे आले. मास्तरांनी त्यांना शेजारी बसवून जीव तोडून शिकवलं. काही राखून ठेवलं नाही. त्या मुलीने एकदा विचारलं, "सर, मग तुम्ही कुठे जाणार?"

"नव्या प्रोजेक्टवर," मास्तर ऐटीत म्हणाले.

मुलगी मान खाली घालून लिहीत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी खोलीत काकूंखेरीज कुणी नसताना मी वाजलो. वरच्या मजल्यावरच्या, माणसांच्या नेमणुका बघणाऱ्या मॅडम बोलत होत्या.

"काकू, शेजारी कुणी आहे का?"

"नाही. मास्तर आत आहेत."

"बरं. तुमचं नाव राहणाऱ्यांत आहे. बाहेरच्या कंपनीशी समन्वय तुम्ही ठेवायचा."

काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग विचारलं, "आणि मास्तर नव्या प्रोजेक्टवर कधीपासून?"

काकूंचा हात माझ्या वायरीत गुंतत गेला.

"तसा काही प्रोजेक्ट नाहीये, काकू. त्यांचं शिकवून झालं की त्यांना मोकळं करणार. आणि हे तुमच्यापाशीच राहू द्या. बाहेर फुटलं तर तुमच्या नावाचाही पुन्हा विचार करावा लागेल."

काकूंच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते आणि मिळवत्या त्या एकट्याच. त्या "बरं" म्हणाल्या. रिसीव्हर इतक्या हळू ठेवला, की मला तो ठेवल्याचं जाणवलंही नाही.

काचेपलीकडे मास्तर त्या दोघांना काहीतरी हातवारे करून समजावत होते.

मित्रांनो, पुढचे दिवस फार वाईट गेले. चहाच्या वेळी काकू जागेवरून उठेनाशा झाल्या. वहिनींचा फोन आला की दोन शब्दांत संपवायच्या. वहिनी म्हणायच्या, "बरं नाही का तुम्हाला? आवाज उतरलाय." काकू म्हणायच्या, "झोप झाली नाही." मास्तरही एकदा काळजीने म्हणाले, "काकू, रजा घ्या थोडी. मी बघतो फोन." काकू उठून बाहेर गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

मग मास्तरांना वर बोलावणं आलं. नव्या कामाचंच असणार म्हणून त्यांनी स्वेटर काढला, केसांवरून हात फिरवला. परत आले तेव्हा सोबत दारावरचा सुरक्षारक्षक होता. रोज सकाळी मास्तरांना हसून सलाम करणारा तोच.

"मास्तर, मला सोबत थांबायला सांगितलंय, म्हणून... मनावर घेऊ नका," तो म्हणाला.

"तुझा काय दोष," मास्तर म्हणाले आणि कप, स्वेटर, चष्म्याचं घर एका पिशवीत भरू लागले. त्यांचे हात चालत होते, पण डोळे कुठे भलतीकडेच होते. मग एकदम थांबून ते काकूंकडे वळले.

"काकू, काढायच्या यादीत तुमचंही नाव आहे का हो? सासऱ्यांचं कसं करणार तुम्ही?"

"नाही," काकू म्हणाल्या. "माझं नाही."

त्यांनी वर पाहिलंच नाही. मास्तरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी पिशवी उचलली. ती बाहेरची मुलगी त्यांना पुसटसं "सर" म्हणाली. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि ते गेले.

त्यानंतर माझा नंबर माझ्याच तारेवरून बाहेरच्या कंपनीकडे वळवला गेला, आणि मला फोन केला तरी काकू मिळत नसत. आधी एक यांत्रिक आवाज हे दाबा, ते दाबा म्हणायचा. मग फार लांबचा कुणी तरुण बोलायचा. त्याच्यासमोरचा कागद तो वाचतोय हे कळायचं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." माणसं त्याच्यावर ओरडायची. तो बिचारा पुन्हा तेच वाचायचा. एकदा कुणाचं ओरडून झाल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "सर, मलाही इथे जास्त बोलायची परवानगी नाही हो." मला त्याचा राग आला नाही. त्याचंही काम उद्या कुणीतरी शिकून घेणारच होतं.

हिशेबवाले गृहस्थ मग काकूंच्या टेबलापाशी यायचे. "तुम्हीच बघा ना." काकू म्हणायच्या, "माझ्या हातात आता काही नाही." खोली भरलेली असायची, पण प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. नवीन आलेल्या मुलांना एकमेकांची नावंही ठाऊक नसायची.

शेवटी आम्हा फोनांचीही पाळी आली. सगळं बोलणं आता कॉम्प्युटरवरूनच होणार होतं. आमच्या तारा काढायला माणूस येणार, त्या सकाळी काकू लवकर आल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या. मग एक नंबर दाबला.

वहिनींनी उचलला. "वहिनी, मी काकू. मास्तर आहेत का?"

"आहेत," वहिनी म्हणाल्या. पूर्वी त्या इतकं थोडं कधीच बोलल्या नव्हत्या.

मास्तर आले. "बोला, काकू."

"कसे आहात?"

"मुलाखतींना जातो. वय ऐकलं की चहा विचारतात आणि पाठवून देतात."

काकू म्हणाल्या, "मास्तर, माझी नोकरी गेली असती हो."

"खरंय. गेली असती. तुम्ही सांगितलं असतं म्हणून मी शिकवायचं थांबवलं नसतं. त्या पोरांचं काय चुकलं? शिकवलंच असतं. पण ती पुस्तकं आणली नसती. घरी दारी सांगत सुटलो नसतो. मुलाला काय सांगू, हे अजून कळत नाही मला." मग म्हणाले, "सासऱ्यांची काळजी घ्या," आणि फोन ठेवला.

आवाज बंद झाला तरी काकू मला कानाला लावून बसून होत्या. तारा काढणारा माणूस आला तेव्हाच त्यांनी मला सोडलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला पुन्हा टेबलावर ठेवा, असं मी म्हणणार नाही. जुन्या वस्तू जातात, नव्या येतात. पण माणसांना असं नका पाठवू. उद्या तुम्ही मोठे व्हाल, साहेबही व्हाल. ज्याला घरी पाठवायचं आहे त्याला खोटी आशा दाखवून त्याच्याकडून काम करून घेऊ नका. आणि शेजारी बसणाऱ्याचं वाईट होणार हे तुम्हाला कळलं, तर त्याला वेळेवर सांगा. माझ्यातून सगळे बोलले, पण मला स्वतःला एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्हाला येतो.