दलदलीतला फोन

आमच्या जनरलसाहेबांना ऐन लढाईत डिव्हिजनवरून काढलं, ते हरले म्हणून नाही. फोनवर सापडले नाहीत म्हणून! मी त्यांचा स्टाफ ऑफिसर, आणि तो फोन उचलला होता मीच. हल्ल्याआधी जमीन स्वतःच्या पायांनी तुडवल्याशिवाय साहेब हुकूम देत नसत. त्या दिवशी ते नदीला उतार शोधायला गेले आणि इकडे कोअर कमांडरांचा फोन आला. तीन डिव्हिजनचे धनी ते. आम्ही त्यांना थोरले साहेब म्हणायचो.

"कुठाय तो?"

"नदीवर, सर."

"नदीवर काय धुणं धुतोय?"

संध्याकाळी नवा कमांडर हजर. आमच्या साहेबांनी शोधलेल्या उतारावरूनच त्याने नदी ओलांडली आणि छातीवर पदक लावून घेतलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

साहेबांची रवानगी मागे, भरतीच्या डेपोत झाली. रंगरुटांना पाय जुळवायला शिकवायचं काम! पण लढाई लांबली, कमांडर कमी पडू लागले आणि मार खाऊन खिळखिळी झालेली एक डिव्हिजन त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी मला मागून घेतलं. निघताना वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दारातच वाट अडवली.

"अहो, या वेळी फोनजवळ राहा. वचन द्या."

"दिलं."

"भावोजी, तुम्ही साक्षीदार."

मी मान डोलावली. ही डिव्हिजन गेली की साहेबांची सगळी नोकरी मातीत, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी ती डिव्हिजन पुन्हा उभी केली. शिपायांचं जेवण झाल्याशिवाय अधिकाऱ्याने ताटाला हात लावायचा नाही, हा पहिला हुकूम. अधिकाऱ्यांची तोंडं वाकडी झाली, पण शिपायांच्या माना वर आल्या. मग थोरल्या साहेबांचा आदेश आला: समोरच्या मैदानातून रणगाडे घालून पलीकडचं गाव घ्या.

"मला जमीन बघायचीय," साहेब म्हणाले.

"साहेब, वचन!"

"वचन फोनजवळ राहायचं आहे. फोनने कुठे राहायचं, ते तुझी वहिनी कुठे बोलली?"

मी कपाळाला हात लावला. पण सकाळच्या धुक्यात आमची वरात निघाली: पुढे साहेब, मागे मी, माझ्यामागे डोक्यावर फोन घेतलेला सिग्नलवाला, आणि शेवटी पाठीवरच्या रिळातून तार सोडत येणारा त्याचा जोडीदार. थोड्याच वेळात मैदान संपलं आणि चिखल सुरू झाला. साहेब मांडीपर्यंत रुतले. तेवढ्यात सिग्नलवाल्याच्या डोक्यावर घंटी वाजली.

"कुठायस?" थोरल्या साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"फोनजवळ, सर."

"शाब्बास! रणगाडे कधी सोडतोस?"

"इथून नाही सोडत. मी मांडीपर्यंत चिखलात उभा आहे."

"नकाशात तिथे मैदान आहे."

"नकाशा कोरडा आहे, सर."

झालं! मी डोळे मिटून घेतले.

"हुकूम मोडतोयस?"

"जागा कशी आहे ते सांगतोय. डावीकडच्या टेकडीवरून जाऊ द्या, गाव घेऊन दाखवतो. इथून माझी माणसं जाणार नाहीत. येऊन बघा. नाही तर दुसरा कमांडर पाठवा, पण त्यालाही आधी इथे आणून उभा करा."

"दुसराच पाठवतो!" फोन आपटला गेला.

साहेबांना घरी पोचवायला गाडी मीच घेतली. वाटेत त्यांना चक्क झोप लागली. माझा मात्र संतापाने जीव जळत होता. दार उघडताच वहिनींना सगळं कळलं.

"फोनजवळ नव्हतात ना?"

"होते, वहिनी," मी म्हटलं. "मी साक्षीदार."

त्यांनी साहेबांच्या पँटीकडे पाहिलं. मांडीपर्यंत चिखल वाळून त्याचे पोपडे सुटत होते.

"किती माणसं गेली असती?"

"पुढे गेलेल्यांतलं कुणी परत आलं नसतं," साहेब म्हणाले.

"मग बरं केलंत." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "ती पँट काढा आधी, भिजत घालते. घरभर दलदल नको."

आम्ही चहा घेत असताना बैठकीतला फोन वाजला. वहिनींनी उचलला. "आहेत की. फोनजवळच आहेत," असं म्हणून त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला. थोरल्या साहेबांना हळू बोलता येतच नव्हतं, त्यामुळे सगळं बैठकीभर ऐकू आलं.

"तुझी माणसं ती तार गुंडाळायला विसरली."

"गडबडीत राहिली, सर."

"तीच धरून मी चालत गेलो. तुला खोटं पाडायला." मग ते खाकरले. "माझा डावा बूट तिथेच राहिलाय."

साहेब हसले नाहीत. मी मात्र कप खाली ठेवला, चहा सांडू नये म्हणून.

"हल्ला टेकडीवरून करायचा," थोरले साहेब म्हणाले. "डिव्हिजन तुझीच आहे. ये."

साहेबांनी दुसरी पँट चढवली आणि आम्ही निघालो. दारात वहिनी पुन्हा आडव्या आल्या. मी मनात म्हटलं, आलं वचन! त्यांनी साहेबांच्या बाहीवरचा चिखलाचा एक पोपडा नखाने काढून टाकला.

"फोन वाजू दे वाजला तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी जमीन बघा."