दगडातलं स्फुरद

दीपमालाने कालवडीचा खालचा ओठ अंगठ्याने ओढला. दुधाच्या दातांच्या मधोमध दोन नवे, रुंद दात आले होते. तिने मोबाइलचा उजेड टाकून नीट पाहिलं. पांढरेशुभ्र. एकही तपकिरी डाग नाही.

"दात चांगले आहेत, सर."

यादवसाहेब गोठ्याच्या दारातच उभे होते.

"दात राहू द्या. वजन बघा."

सातपूरला त्यांचा जनावरांसाठी खनिज मिश्रण बनवायचा छोटा कारखाना होता आणि दीपमाला तिथली केमिस्ट. मिश्रणातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आजवर हाडांच्या भुकटीतून यायचं. त्र्यंबकच्या बाजूला जनावरं भाताच्या पेंढ्यावर जगतात, त्यामुळे तिकडे त्याची गरज जास्त. ते कमी पडलं की कालवडी खुरटतात, लाकडं आणि चिंध्या चघळत बसतात. पण तिथेच, या गोठ्याच्या मालकिणीने, म्हाताऱ्या पुतळाबाईने, मिश्रणाची पुडी हुंगून परत दिली होती.

"गाईला गाईचीच हाडं चारू व्हय? माझ्या दावणीला नाय चालायचं."

त्या एका वाक्याने दीपमाला फॉस्फेटच्या दगडाकडे वळली. दगडात स्फुरद भरपूर, पण सोबत फ्लोराइडही. ते राहिलं तर जनावरांचे दात डागाळतात, सांधे आखडतात. दगड भट्टीत भाजून ते घालवायला तिला दीड वर्ष लागलं. अकरा घाणे फसले. बारावा जमला, तेव्हा यादवसाहेबांनी अट घातली: कालवडींच्या वाढीत फरक दिसला तर पुढे जाऊ, नाहीतर हा नाद सोडायचा.

पुतळाबाईने आपल्या डांगी जातीच्या सहा कालवडी देऊ केल्या. तिघींना रोज दगडाची भुकटी घातलेलं मिश्रण, तिघींना काहीच नाही. आज आठ महिने झाले होते.

दीपमालाने छातीभोवती फीत लावून घेरावरून एकेकीचं वजन काढलं. मिश्रण खाणाऱ्या तिघी भरल्या दोनशे चौदा, दोनशे नऊ, दोनशे सतरा किलो. मग उरलेल्या तिघी. दोनशे अकरा. दोनशे पंधरा. शेवटचा आकडा लिहिताना तिचं पेन अडखळलं.

"किती?" यादवसाहेबांनी विचारलं.

"दोनशे आठ." ती वहीतून वर बघेना. "फरकच नाही, सर."

यादवसाहेब वहीत डोकावले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही कसर ठेवली नाहीत. पण आता पुरे."

गव्हाणीपाशी पुतळाबाई उगाचच पेंढा सारखा करत होती. तिचा हात थांबला.

"साहेब, त्या पोरीला बोल लावू नका. म्या साही जणींना घातलं."

दीपमाला गर्रकन वळली. "सहा जणींना? मग पुरलं कसं?"

"उंदरांनी पोतं फोडलं म्हून दोनदा फोन करून नवं मागवलं ना तुझ्याकडून? उंदीर नव्हते." पुतळाबाईने पदर सावरला. "एकीच्या म्होरं ठेवायचं अन् दुसरीनं टकामका बघायचं. माझ्याच्यानं नाय झालं बाई. आता काय रागवायचं ते रागव."

दीपमाला रागावली नाही. ती भराभर वहीची पानं मागे उलटत होती. प्रयोगासाठी ती सगळ्यांत आधी समोरच्या गोटीरामकडे गेली होती. त्याच्या चार कालवडींची मापंही घेतली होती, मग "दगड खाऊन कुठं जनावर वाढतं का?" म्हणत त्याने नकार दिला होता. ते पान सापडलं. याच वयाच्या, याच पेंढ्यावरच्या चार कालवडी. तेव्हा दोन्ही गोठ्यांत चार-पाच किलोंच्या वर फरक नव्हता.

वही मिटून ती जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून गेली.

गोटीरामने "बघा की" म्हटलं आणि कालवडी धरल्या. एक दावं चघळत होती. एकशे अडुसष्ट. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे एकाहत्तर. एकशे सहासष्ट.

मागोमाग आलेल्या यादवसाहेबांनी फीत तिच्या हातातून घेतली. स्वच्छ पँटीनिशी शेणात गुडघा टेकून त्यांनी चौघींची मापं पुन्हा घेतली. आकडे तेच आले. ते उठले तेव्हा हसत होते.

"चाळीस किलो!" ते मोठ्याने म्हणाले. "दीपमाला, चाळीस किलो!"

गोटीराम आपल्या कालवडींकडे आणि रस्त्यापलीकडच्या तुकतुकीत पाठींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"आमाला कधी देता मग?" त्याने विचारलं.

पुतळाबाई अजून आपल्या दारातच उभी होती. दीपमाला तिच्यासमोर वही घेऊन आली.

"आजी, अहवालात तुमचं नाव घालायचंय."

"कशापायी? तुझा प्रयोग मोडला म्हून?"

दीपमालाला हसू आवरेना. "पूर्ण नाव सांगा."

पुतळाबाईने एकवार समोर गोटीरामकडे पाहिलं. मग पार त्याच्या गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव सांगितलं, आणि दीपमाला लिहून थांबली, तेव्हा म्हणाली, "बापाचं बी लिही."