भोंगाकाकांचा दम

"अगं, ऐक..." एवढंच बोलून भोंगाकाका थांबले आणि इस्पितळातल्या पलंगाचा कठडा धरून पुढचा श्वास शोधू लागले.

काकूंना आधी ही थट्टाच वाटली. फुलबाजारात लिलाव पुकारणारा हा माणूस! गुलाबांच्या जुड्या समोर आल्या की फुलांचं कौतुक, चालू बोली, मागे सरणाऱ्याला चिमटा, सगळं एका दमात ओढून न्यायचा. बाजारानं त्यांना भोंगा म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. घरात त्यांनी मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात हजर व्हायची.

वर्षभर त्यांचं हृदय मधूनच उधळल्यासारखं धावत होतं. औषधांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि चुकार ठोके जिथून उठत होते ती जागा गोठवून टाकली. ठोके ताळ्यावर आले. काकांना मात्र आडवं पडलं की गुदमरायला होऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई छातीचा फोटो घेऊनच आल्या.

"हृदय उत्तम आहे. पण त्याला चिकटून एक नस जाते, तिला इजा झाली. त्यामुळे उजव्या बाजूचा श्वासाचा पडदा हलत नाहीये. सही घेताना हा धोका मी सांगितला होता."

"सांगितला होतात," काका म्हणाले. "मला वाटलं... तो बाकीच्यांसाठी असतो."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही, आणि हसल्याबद्दल त्या लगेच ओशाळल्या. "बहुतेकांची नस काही महिन्यांत सुधारते. सगळ्यांचीच नाही. खोटा धीर देत नाही मी."

काका घरी आले. रात्री खुर्चीत बसून झोपायचे, जिन्याच्या मध्यावर थांबून भिंतीच्या रंगाला नावं ठेवायचे. भांडणात तर त्यांची पुरती पंचाईत झाली.

"लग्नापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय हो," काकू म्हणाल्या. दोघंही पोट धरून हसले. मग काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

बाजाराचे मालक भेटायला आले. "फाटकापाशी खुर्ची टाकतो. आल्यागेल्यावर लक्ष ठेवा, बस्स."

"आधी एकदा पुकारून बघतो. नाहीच जमलं, तर खुर्ची आहेच."

मालकांनी बाजारात माईक आणून ठेवला. "भोंग्याला भोंगा!" हमालांची हसून मुरकुंडी वळली. काका चौथऱ्यावर चढले. समोर लिलीची टोपली होती. पहिलं वाक्य झोकात निघालं आणि मध्येच तुटलं. पुढे माईकमधून बाजारभर घुमली ती नुसती धाप. हसणारे चपापले. काकांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. उतरून जावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"सावकाश होऊ द्या हो काका," हारवाली मावशी पुढून ओरडली. "इतकी वर्षं तुमच्या सपाट्यात विचार करायला फुरसत कुठे मिळाली? ही घ्या, माझी बोली वाढवली!"

"माझीही!" मागून कुणीतरी हात उंचावला.

"बघा," काका माईकमध्ये म्हणाले, "माझा दम गेला... तर तुम्हाला चढला!" सगळा बाजार खदखदला आणि टोपली चढ्या भावानं गेली.

वर्ष उलटलं. नव्या फोटोतही पडदा जिथल्या तिथेच होता. "आता फारशी आशा नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. काकांनी मान हलवली, बाईंच्या टेबलावरच्या सुकलेल्या फुलांची खरडपट्टी काढली आणि तिथून थेट बाजार गाठला.

त्या दिवशी निशिगंधाचे भारे आले होते. बोली रंगात आली असताना काका अडकले. त्यांनी माईक बाजूला धरला आणि उजव्या बरगडीवर हात ठेवला. हमालांनी हातगाड्या जागच्या जागी रोखल्या. हारवाली मावशीनं उचललेला हात तसाच खाली घेतला. काकांचा श्वास परत येईपर्यंत कुणी बोली लावली नाही.

"हं," काका म्हणाले, "बोला."